दाब कमी झाला

आमच्या हिंगोली जिल्ह्यापासून समुद्र किती लांब आहे, हे मी दरवर्षी सातवीच्या पोरांना नकाशावर पट्टी ठेवून मोजायला लावते. पूर्वेला मोजा नाहीतर पश्चिमेला, आम्ही दोन्हीकडून कोरडेच. मी स्वतः अजून समुद्र पाहिलेला नाही. तरी गेली काही वर्षं माझी सकाळ बंगालच्या उपसागरात उजाडते. चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडायचं. अंदमानच्या बाजूला ढग कुठे गोळा व्हायला लागलेत, वारा कुठे गोल फिरतोय, कुठला पुंजका दुपारपर्यंत विरून जाईल आणि कुठला जोर धरेल, हे बघत बसायचं. बहुतेक विरतात. एखादाच धरतो. नवरा पेपरातून मान वर न काढता विचारतो, आज मासे धरायला जायचंय का. मी त्याच्या चहात साखर कमी घालते.

हा नाद उगाच लागलेला नाही. मी वसमतला शाळेत भूगोल शिकवते, पण माझं माहेर हट्ट्याच्या पुढे, ओढ्याकाठच्या एका लहान गावात आहे. तिथे माझा धाकटा भाऊ शेती करतो. आमच्याकडे सोयाबीन कापणीला येतं नेमकं त्याच दिवसांत, ज्या दिवसांत बंगालच्या उपसागराच्या अंगात येतं. तिथे तयार झालेलं काहीबाही आंध्राच्या किनाऱ्याला लागतं, तेलंगणातून चालत येतं आणि नांदेड ओलांडून आमच्या शिवारात उतरतं. येईपर्यंत वारा गळून गेलेला असतो, पाणी मात्र सगळं शिल्लक असतं.

पहिल्यांदा हे असं येताना मी चित्रात पाहिलं, तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. घाबरून मी गावच्या ग्रुपवर लिहून टाकलं, 'परवा मोठा पाऊस येतोय, गंज्या झाका.' लोकांनी सोयाबीनच्या गंज्यांवर ताडपत्र्या टाकल्या. पाऊस आला. तेव्हापासून मी गावाची हवामानवाली मॅडम झाले, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग मी अभ्यासाला लागले. हवामान खात्याची पत्रकं रोज वाचायची. चक्राकार वारे, कमी दाबाचं क्षेत्र, ठळक कमी दाबाचं क्षेत्र, डिप्रेशन, सगळ्या पायऱ्या पाठ केल्या. माझा स्वभाव मुळात लाल शाईचा. कुणी चुकीचा शब्द वापरला की माझा हात शिवशिवतो. एकदा ग्रुपवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, वादळ येऊन राहिलं का मॅडम. मी त्याला एवढं मोठं उत्तर लिहिलं, की हे वादळ नाही, कमी दाबाचं क्षेत्र आहे, दोन्हींत फरक असतो, आणि अर्धवट माहितीवर लोकांत घबराट पसरवू नये. पाऊस येणार की नाही, हे सांगायचं त्या उत्तरात राहूनच गेलं. नवऱ्याने ते वाचून विचारलं, तू हवामान सांगतेस का पेपर तपासतेस? मला तेव्हा त्याचाच राग आला.

भावानेही एकदा फोनवर विचारलं होतं, की अक्का, हा दाब म्हणजे नेमका कशाचा. मी म्हटलं, तुला तीन वेळा सांगून झालंय, पालथ्या घड्यावर पाणी. तो हसला. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. मी समजले, कळलं याला एकदाचं.

भावाचा आखाडा ओढ्याला लागून आहे. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातला गोठा. चार मेढी, वर पत्रे, मागे कडबा रचलेला आणि मधे जनावरांची दावण. त्या दावणीला त्याची लाल कंधारी बैलांची जोडी असायची. गावात आता ट्रॅक्टरच फिरतो, बैल ठेवणारी घरं थोडी राहिली. भावाने ठेवले, कारण लग्नानंतर पाच वर्षं त्याला लेकरू नव्हतं आणि त्याच दिवसांत ही दोन वासरं घरात आली होती. भावजयीने त्यांना हाताने भाकरी चारून वाढवलं. पुढे पोरगी झाली, पण पहिला घास बैलांचा, ही रीत मोडली नाही. पाहुण्यांसमोर भाऊ सांगायचा, की आमच्या घरात तीन लेकरं आहेत, दोघांना शिंगं आहेत.

मोठ्या पावसाची चाहूल लागली की गावातले सगळेजण ओढ्याकाठच्या आखाड्यांवरून जनावरं गावात आणतात. घरासमोर, गल्लीत, विहाराच्या भिंतीला, जिथे जागा मिळेल तिथे बांधतात. दोन-तीन दिवस शेणाचा चिखल होतो, बायका कुरकुरतात, पण आणतात.

पोळा होऊन काही आठवडे झाले होते. उपसागरात एक पुंजका तयार झाला आणि मला पहिल्याच दिवशी वाटलं की हा विरणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं कमी दाबाचं क्षेत्र झालं. मी ग्रुपवर तसं लिहिलं, शिवाय दिशा सांगितली, आपला जिल्हा वाटेत आहे असंही सांगितलं. टीव्हीवर बातमी होतीच. गावाने जनावरं आणली. भावानेही बैल घरी आणले, अंगणात बांधले. दोन दिवस नुसतं आभाळ भरून राहिलं. पाऊस काही पडेना. अंगणात दोन बैलांना वळायला जागा नव्हती, कडबा सगळा आखाड्यावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चित्र उघडलं आणि थक्क झाले. किनाऱ्याला लागायच्या आधी ते क्षेत्र भराभर जोर धरत होतं. ढगांची कड आवळत चाललेली, मधल्या वर्तुळातला दाबाचा आकडा खाली उतरलेला. मी शाळेत जायच्या घाईत होते. तरी उभ्याउभ्या, शुद्धलेखन तपासून, ग्रुपवर लिहिलं: 'उपसागरातील प्रणालीचा दाब आणखी कमी झाला आहे. उद्यापर्यंत तो अजून कमी होईल.' माझ्या दृष्टीने याहून मोठा धोक्याचा इशारा नव्हता.

मधल्या सुट्टीत भावाचा फोन आला.

"अक्का, दाब कमी झाला म्हन्तीस, बराबर ना?"

"बराबर. आणि उद्या सकाळपर्यंत अजून कमी होणार बघ."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मला काय आनंद झाला होता. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, की आठवीत शाळा सोडलेला माझा भाऊ आता दाबाच्या भाषेत विचारतो. कुणीतरी कौतुक केलं. मी डबा उघडून जेवले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वसमतला असा पाऊस होता की समोरचं घर दिसेना. शाळेला सुट्टी दिल्याचा निरोप आला. मी खिडकीशी बसून त्या ढगांनी कुठली वाट धरली ते मोबाईलवर बघत होते. मी म्हटलं होतं अगदी त्याच वाटेने ते तेलंगणातून आलं होतं. सांगायला लाज वाटते, पण मी खूश होते. नवऱ्याला बोलावून मी ते दाखवलं. बघ, रेषा आखल्यासारखं आलं की नाही?

तेवढ्यात भावजयीचा फोन आला. ती म्हणाली, "अक्का, बैल गेले."

मी विचारलं, "कुठं गेले?"

पलीकडून फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. मग मला कळलं. पण कळलं ते अर्धंच. बैल तर घरी अंगणात होते, मग गेले कसे? मी दहा वेळा फोन लावला, लागला नाही.

रस्ता उघडायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. फाट्यापासून पुढे मी चपला हातात घेऊन चिखलातून चालत गेले. घराला कुलूप होतं, म्हणून तशीच आखाड्यावर गेले. पत्रे निखळून पडलेले, कडबा ओढ्यात गेलेला. एक बैल दावणीलाच होता. दावं खुंटीला ताणलेलं, मान वर ओढल्यासारखी आणि पाय पोटाखाली मुडपलेले. पाणी चढत गेलं तसा तो दाव्याच्या लांबीएवढाच वर येऊ शकला होता. दुसऱ्याने खुंटी उपटली होती, आणि तो खाली बांधावरच्या बोरीत अडकला होता. दोघांच्या शिंगांना पोळ्याचा रंग अजून तसाच होता.

मी आयुष्यात बरंच मरण पाहिलंय, आई गेली, वडील गेले. पण असं मी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडातून पहिला शब्द फुटला तो रागाचा. भावजयीसह सात-आठ माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी भावावर ओरडले. म्हटलं, तीन दिवस मी घसा फोडून सांगते आहे, सगळ्या गावाला कळलं, तुलाच कळू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरी बांधलेले बैल मरायला परत इथे आणायची बुद्धी तुला दिली कुणी?

तो खुंटीजवळ उकिडवा बसला होता. त्याने वर बघितलं. डोळे कोरडे होते.

"तूच की," तो म्हणाला. "तूच म्हन्लीस दाब कमी झाला म्हून."

मला आधी काही उमजलं नाही. मी म्हटलं, हो, म्हटलं, मग? तो म्हणाला, कमी झाला म्हणजे जोर गेला. आणखी कमी होणार म्हणजे पाऊस टळला. मग बैल कशाला अंगणात उपाशी ठेवायचे, म्हणून संध्याकाळी आखाड्यावर आणून बांधले, पोटभर कडबा टाकला आणि घरी येऊन झोपला.

"आमच्या तुषारचा दाब कमी झाला की तोट्या फिरत न्हाईत," तो म्हणाला. "पानी फेकतच न्हाईत. मला वाटलं तिकडचं बी तसंच असल."

रब्बीत गव्हाला तो तुषार सिंचनाचे पाईप लावतो. दाब म्हटलं की त्याच्यासमोर तेच येणार, दुसरं काय येणार? पंधरा वर्षं मी फळ्यावर काढत आले आहे, की मधे हवेचा दाब कमी होतो, म्हणून चहूबाजूंनी हवा तिकडे धावते, जेवढा दाब कमी तेवढं वादळ जोराचं. मी तेच त्याला सांगायला लागले. त्या बैलांसमोर, त्या चिखलात, मी त्याला धडा शिकवत होते. त्याने ऐकून घेतलं.

"मंग जोर वाढला असं काहून न्हाई लिहिलं?"

मी हातातल्या चपला सावरत घराकडे वळले.

घरी जाताना भावजयीने बाकीचं सांगितलं. संध्याकाळी बैल घेऊन तो निघाला तेव्हा शेजाऱ्यांनी अडवलं होतं. टीव्हीवर उद्याचा मोठा पाऊस दाखवत आहेत, नेऊ नको म्हणाले. हा त्यांना म्हणाला, टीव्हीवाल्यांचं राहू द्या, माझ्या बहिणीला मी आत्ता दुपारी विचारलंय. सगळ्या गावात त्याने एकट्याने माझं ऐकलं होतं. मी तिला विचारलं, की अगं, शंका होती तर नीट विचारायचं ना मला. ती पदराने हात पुसत राहिली. मग म्हणाली, "इचारलं की तुमी रागावता अक्का." तिने ते तक्रारीसारखं म्हटलं नाही, चूल विझली म्हणावं तसं म्हटलं. त्यामुळे मला ते जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला तलाठी आले. भला माणूस होता. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, बाकी सगळ्यांची जनावरं गावात होती, तुमचीच कशी राहिली? मी तिथेच उभी होते. भावाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "आळस केला साहेब. चुकी माझीच हाय." आणि मी, जी कुणाच्या अर्ध्या वेलांटीची चूक सोडत नाही, ती गप्प राहिले. कागदावर त्याचा हलगर्जीपणा लिहिला जात होता आणि मी तोंड उघडलं नाही. त्या दिवसाइतका धक्का मला स्वतःबद्दल कधी बसला नव्हता.

वसमतला परत आल्यावर मी ग्रुपवरचे माझे सगळे जुने निरोप काढले आणि भावाच्या डोळ्यांनी वाचले. दाब कमी होत आहे. दाब लक्षणीय कमी. दाब अजून कमी होण्याची शक्यता. दोन वर्षं मी लोकांना धोका सांगत होते आणि वाचणाऱ्याला वाटावं की संकट टळलं. त्या प्रत्येक वेळी गाव वाचलं ते आभाळ बघून, टीव्ही बघून, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून. माझ्यामुळे नाही. माझा उपयोग झाला होता तो एकदाच, मला काही येत नव्हतं तेव्हा.

मी तसंच ग्रुपवर लिहिलं. 'दाब कमी झाला याचा अर्थ वादळ वाढलं असा होता. मी तो साध्या शब्दांत सांगितला नाही. माझ्या भावाने आळस केला नाही, त्याने माझं ऐकलं. बैल माझ्यामुळे गेले.' पाठवलं आणि मला थोडं हलकं वाटलं. वाटलं, भावालाही बरं वाटेल, त्याच्यावरचा आळ गेला.

तासाभरात त्याचा फोन आला. आवाज चढलेला होता. माझ्या भावाने माझ्याशी असा आवाज कधी काढला नव्हता.

"काहून लिहिलं तू ते? बैल तर गेले. उद्या तू खरं सांगशील तवा कोन ऐकल तुझं?"

मी म्हटलं, अरे, पण तुझ्यावर आळ. तो म्हणाला, की माझ्यावरचा आळ पावसाने धुऊन जाईल, ओढ्याकाठी अजून तीस-पस्तीस जनावरं आहेत. आणि त्याने फोन ठेवला. मी मनावरचं ओझं उतरवायला निघाले होते. त्याला ओढा दिसत होता. आठवी शिकलेल्या माणसाला जे दिसलं, ते मला का दिसलं नाही, याचा मला आजही अचंबा वाटतो.

काही आठवड्यांनी, ऐन काढणीत, उपसागरात पुन्हा एक पुंजका जमला. पहिले दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. तो मासे धरायची चौकशी करायचा, तेसुद्धा त्याने आता सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी पुंजक्याने जोर धरला आणि तो आमच्या वाटेला लागला. मी लिहायला बसले. सवयीने पहिला शब्द आला तो खोडला. दुसराही खोडला. वर्गात पोरांना निबंध लिहायला लागतो तेवढा वेळ मला दोन ओळींना लागला. 'वादळाचा जोर वाढला आहे. परवा आपल्याकडे खूप पाऊस पडेल. ओढ्याकाठची जनावरं उद्या दुपारच्या आत गावात आणा.'

पाठवलं आणि वाट बघत बसले. एकेकाने वाचल्याच्या खुणा उमटत गेल्या. सगळ्यांनी वाचलं होतं. पूर्वी लगेच हात जोडलेली चित्रं यायची, धन्यवाद मॅडम यायचं. आता कुणीच काही लिहीत नव्हतं. शाळेची घंटा झाली, दोन तास झाले, मधली सुट्टी झाली. मी डबा उघडला नाही. माझ्या लिहिण्याला काही अर्थ उरला नाही, हे मला तिथे बाकावर बसून कळत होतं.

मधली सुट्टी संपता संपता ग्रुपवर एकच उत्तर आलं. भावाचं होतं.

'व्हय मॅडम. मी आजच आनतो.'

त्याच्या दावणीला तेव्हा एकही जनावर नव्हतं.